अकरा आणि बावीस

जपानमध्ये, कोबेतल्या आमच्या संस्थेत त्या दिवशी लोकांसाठी प्रयोगशाळा खुल्या होत्या, पण माझ्या टेबलाकडे कुणी फिरकत नव्हतं. मी दोन रंगांच्या लोकरीनं डीएनएची शिडी विणून ठेवली होती.

"ही मध्येच अशी का फुगलीय?" मागून चक्क मराठी!

वाऱ्यानं विस्कटलेले केस, हातात बंदरावरचं हेल्मेट... आणि डोळ्यांत खरंखुरं कुतूहल.

"गारठ्यामुळे आत आलात ना?" मी विचारलं.

"आलो गारठ्यामुळे. थांबलोय तुमच्यामुळे — म्हणजे, लोकरीमुळे."

त्याचं नाव निहार. मी रंगात येऊन सांगू लागले. या फुगवट्यातली डीएनएची अक्षरं दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येतात, म्हणून धागा जोडीदाराला सोडून स्वतःवरच दुमडतो. फुलीसारखा आकार होतो, तो सहज तुटतो. मग अकराव्या गुणसूत्राचा तुकडा बाविसाव्याला जुळतो आणि बाविसाव्याचा अकराव्याला.

त्याचं हसू मावळलं. "अकरा, बावीस..." पुटपुटत तो निघून गेला.

पुढच्या आठवड्यात तो संस्थेच्या फाटकाशी उभा होता. "मी तसाच आहे, मैत्रेयी, अकरा-बावीसवाला. माझ्या बहिणीचं, सुलेखाताईचं बाळ गेलं, तेव्हा तपासण्या झाल्या. आईकडून आलंय आम्हाला. ती स्वतःला दोष देते. तुम्ही... बोलाल तिच्याशी?"

कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातली कॉफी घेऊन आम्ही बाकावर बसलो, व्हिडिओ कॉल लावला.

"काकू, हे कुणाच्या चुकीनं होत नाही. तुम्ही जन्मायच्या आधीच तो धागा दुमडला असेल. तुमच्यात काही कमी नाही, फक्त दोन तुकड्यांच्या जागा बदलल्यात. बाळाकडे जाताना कधी त्यांची वाटणी चुकते."

कुमुदिनीकाकूंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "जेवलीस का गं तू?"

निहार माझ्याकडे बघतच राहिला. आणि मी त्याच्याकडे — आईच्या मनावरचं ओझं उतरवायला परक्या मुलीपुढे आपलं दुखणं उघडं करणारा माणूस!

साकुरा फुलेपर्यंत आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो होतो. एका संध्याकाळी, बंदरावर, तो अडखळला.

"लग्नाचा विषय मी बंदच केला होता. मूल होईल, न होईल... गमवावंही लागेल. हे सगळं तुझ्यावर —"

"मला माहितीये ते. तुझ्याहून जास्त."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणून काय विचारणारच नाहीस?"

त्यानं विचारलं. हळू आवाजात, माझी बोटं घट्ट धरून. आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसले.