सनईचा शेवटचा सूर

"लग्न मोडलं, ताई! आणि तेही एका सुरापायी."

पूनम दारातूनच बोलली. महाडात खाजगी हेर म्हणून पाटी लावणाऱ्या गौतमीताईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचा मदतनीस साहिल मनात म्हणाला, चला, अखेर काम मिळालं!

पूनमचे आजोबा केरूबाबा वरंधचे नावाजलेले सनईवाले. आता दम पुरेना, म्हणून नातीच्या लग्नात त्यांची चाल संगणकावर वाजणार होती. नवरदेव नीलेश पोलादपूरला कॉम्प्युटर क्लास चालवायचा. सुरांसाठी त्याने स्वतःची छोटी भाषा रचली होती आणि तिच्या आज्ञा संगणकाला समजावणारा इंटरप्रिटरही. काल क्लासात बाबांसमोर चाल पूर्ण वाजली. मग तिचा शेवटचा तुकडा पुन्हा वाजवला, तर अखेरचा सूरच गायब!

"माजा सूर तोडलान! असल्याला नात द्यायची नाय," म्हणत बाबा ताडकन उठले.

साहिलचा संशय राजू बॅन्डवाल्यावर. संगणकापायी त्याची सुपारी हुकली होती. ताई क्लासात पोचल्या, तर राजू तिथेच होता. त्यांनी आधी त्यालाच गाठलं.

"काल इथे आला होतास?"

"आलतो की. हसाया आलतो! पन त्या डब्याला हात नाय लावला."

नीलेशचा चेहरा उतरला होता. "सूर मीच टाइप केलेत, ताई. पूर्ण चालीत शेवटचाही वाजतो."

"मग तुकडा कसा मागतोस?"

"कुठून, ते लिहायचं. कुठपर्यंत, ते कोरं ठेवलं की थेट शेवटपर्यंत. तिथे उणे एक लिहिलं, तर शेवटचा एक सूर सोडून."

"चालीला एक जादा सूर जोड बरं."

तुकडा वाजला. आधी हरवलेला सूर खणखणीत आला, जादा सूर मात्र गेला! मग ताईंनी कोऱ्या जागी चालीतल्या एकूण सुरांचा आकडा लिहायला लावला. सगळे सूर हजर.

"म्हणजे राजूने कीबोर्ड बिघडवला!" साहिल ओरडला.

"साहिल, तू चहा सांग. आणि केरूबाबांना घेऊन ये."

बाबा आले, तोंड फिरवून बसले.

"राजूने सूर पुसला असता, तर पूर्ण चालीतही तो नसता," ताई म्हणाल्या. "सूर जोडला, तर नवाच गेला. म्हणजे चोराचा डोळा शेवटच्या जागेवर. आकडा लिहिला की चोर येत नाही. म्हणजे तो कोऱ्या जागेत बसलाय. नीलेश, कोरी जागा दिसली की तुझा इंटरप्रिटर तिथे काय भरतो?"

नीलेशने इंटरप्रिटर उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. "उणे एक! 'काही लिहिलेलं नाही' याची खूण म्हणून. आणि पुढे तोच त्याचा अर्थ 'शेवटचा सोड' असा लावतो. बाबा, तुमचा सूर मीच तोडला. चुकून, पण मीच."

राजू पोट धरून हसला.

नीलेशने कोऱ्या जागी चालीची पूर्ण लांबी घातली. ताईंनी तपासल्याशिवाय सोडलं नाही: मधला तुकडा, एकाच सुराची चाल, एकही सूर नसलेली चाल. मुद्दाम उणे एक लिहिल्यावर शेवटचा सूर गळतो ना, हेही. सगळं चोख.

मग बाबांची चाल लागली. साहिलचा जीव टांगणीला. शेवटचा तुकडा पुन्हा आला आणि अखेरचा सूर खोलीभर लांबत गेला. बाबांचे ओठ सनई फुंकल्यासारखे हलत होते. साहिलला रडूच आलं, आनंदाचं.

बाबा नीलेशसमोर उभे राहिले, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"राजू, वरातीला बॅन्ड तुजाच," ते म्हणाले. "आनि पूनम, बघत काय ऱ्हायलीस गो? हळद कालव!"