कोरी नळी

२००३ साली नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका खासगी प्रयोगशाळेत डॉ. शुभांगी खैरनार जंतूंची जनुके तपासून त्यांची जात ठरवीत असत. चांदवडच्या ठमाबाईंना वर्षभर क्षयाची औषधे देऊनही खोकला हटत नव्हता. बेडक्यातले जंतू क्षयाचेच, की त्यांच्या भाऊबंदांपैकी कुणाचे, हे ठरल्याखेरीज औषध बदलता येत नव्हते. आणि फुप्फुस तर रोज झिजत होते.

प्रत्येक तपासणीत एक नळी निव्वळ पाण्याची ठेवायची, हा तिथला दंडक. ती कोरीच निघाली पाहिजे. तिच्यात जंतूंची जनुके उमटली, तर बाहेरचे काही शिरले असे समजून सारी तपासणी रद्द.

त्या दिवशी ठमाबाईंची नळी कोरी निघाली. पाण्याच्या नळीच्या रांगेत मात्र, तपासणीच्या दिव्याखाली, जंतूंच्या जनुकांचे नारिंगी पट्टे लखलखत होते.

"नळ्यांची अदलाबदल," शुभांगीबाई म्हणाल्या.

त्यांनी हातमोजे बदलले, खोली बदलली, नवा बेडका मागवला आणि सारे स्वहस्ते केले. बेडका कोराच. दुसऱ्या बाटलीचे पाणीही कोरे. पट्टे फक्त पहिल्या दिवशी वापरलेल्या बाटलीच्या पाण्यात.

"पाण्यालाच खोकला झालाय, मॅडम," तंत्रज्ञ पुंजा हसला. पण बाटलीला हात लावीना. "त्याचेच पट्टे ठमाबाईंच्या नावावर टाका. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना! आणि पाणी हे पाणीच असतं, पुंजा."

तेवढ्यात ठमाबाईंच्या मुलाचा, भारतचा फोन आला. "मॅडम, काय जादू केली? तुम्ही तपासणीला घेतल्यापासून आईचा खोकला बंद! भाकर खाती, कांद्याच्या चाळीत हिंडती. लय बरी हाय."

"जादूबिदू काही नाही. जंतू मरायला औषधच लागतं," बाई ताडकन म्हणाल्या. ते दूषित पाणी एकदाचे ओतून टाकावे म्हणून, फोन कानाशी धरूनच, त्यांनी थंड कपाटातून बाटली काढली.

बाटली कोमट होती.

त्यांनी ती बेसिनवर कलती केली. थोडे पाणी सांडले.

पलीकडे खोकल्याची उबळ उसळली. "आई! अगं, श्वास घे! मॅडम, आईला..."

बाटली सरळ झाली.

उबळ थांबली.

"ठेवा ती खाली, मॅडम," पुंजा भिंतीशी सरकत म्हणाला.

बाईंनी बाटली खाली ठेवली नाही. एकदा घडले, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. योगायोगापुढे मान तुकवणे त्यांना ठाऊक नव्हते.

"भारत," त्या शांतपणे म्हणाल्या, "आईंना जरा फोनजवळ बसवा."

दुसऱ्या हातातली बाटली पुन्हा कलू लागली होती.