एका रेणूइतकी जाडी

प्रयोगशाळेतली सोन्याची तार संपली होती आणि नवी यायला महिना लागणार होता. तिच्या शोधनिबंधावर परीक्षकांनी काढलेल्या शंकांना मात्र शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं, नाहीतर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. म्हणून तिनं वडिलांची अंगठी मागितली.

"ने की. बोटातून गळतेच आहे," ते म्हणाले. "तेवढाच विज्ञानाला माझा हातभार."

अंगठीचं सोनं शुद्ध करून, निर्वातात त्याची वाफ करून तिनं काचेवर पातळ थर बसवला. त्यावर रेणूंचा एकच थर, गवतासारखा उभा. विजेचा भार हा थर वरून चढून ओलांडत नाही. भिंतीला दार नसतानाही कुणी पलीकडे निघावं, तसा आरपार जातो. किती जातो, ते बारा जागी मोजायचं आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी व्होल्टेज वाढवत ती जागा फोडायची, अशी पद्धत.

तिनं सुईच्या टोकाचा द्रवधातूचा थेंब अलगद टेकवला. व्होल्टेज शून्य होतं. तरी पडद्यावरची प्रवाहाची रेष वरखाली होत होती.

"पंपाचं कंपन असेल, मॅडम," तंत्रज्ञ म्हणाला.

पंप बंद केला. रेष हलतच राहिली. तिनं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला बहात्तर.

"प्लेटला आता डॉक्टरकडेच न्या," म्हणत तो चहाला गेला.

तिनं पहिली जागा फोडली. थेंब दुसरीवर टेकवला, तर रेष एक ठोका चुकली आणि पुन्हा चालू लागली. डोक्यात शुक्रवार होता. ती नोंदी करत गेली. सहावी फोडून सातवीवर थेंब टेकवला, तेव्हा रेष अकरा सेकंद सपाट होती.

रेष पुन्हा हलू लागल्यावर तिनं घरी फोन लावला.

"बाबा, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? बोटाला मात्र सारखं काहीतरी चावतंय. आत्ता तर घेरीच आली."

"कुठल्या बोटाला?"

"अंगठीच्या. का गं?"

तिनं सुई उचलली, यंत्राची वायर उपटली, प्लेट डबीत बंद केली आणि डबी घेऊन तडक घर गाठलं. शुक्रवार गेला खड्ड्यात.

वडील खुर्चीत वाचत होते. तिनं त्यांचा हात हातात घेतला. नाडी बहात्तर. बोटावर अंगठीचा फिका वळ, आणि वळावर सुई टोचल्यासारखे काळे ठिपके. सहा.

ती शेजारी टेकली. डबी मांडीवर, बंद.

"एवढा घाम का फुटलाय तुला?"

त्यांचं बोट किंचित आखडलं.

तिनं ठिपके पुन्हा मोजले.

सात.