अडखळण्याची जागा

"एक्केचाळीसलाच का मरतोस रे मेल्या? चाळीसला मर, पन्नासला मर. दर वेळी त्याच पायरीवर कसा पाय घसरतो तुझा?"

कुंदा पोळ पडद्याशी बोलत होत्या, तेही ओठांतल्या ओठांत. पण शेजारच्या खुर्चीवरच्या डॉ. इम्तियाज मुल्लांना ते ऐकू गेलं. एरवी ते हसले असते. आज त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

चाळकेवाडीच्या पठारावरच्या या दूरसंदेश केंद्रात 'शतभिषा' यानातून दर गुरुवारी चालक मकरंद शेवाळेचा संदेश यायचा. चित्र आणि आवाज वेगवेगळे यायचे. ते जोडून एक चित्रफीत बांधायची, हे कुंदाताईंचं काम. ती फीत दोन ठिकाणी जायची: मकरंदच्या घरी सांगलीला, आणि वैद्यकीय समितीकडे. आज समितीला ती चारला हवी होती, कारण सहाला यानाचं मोठं इंजिन पेटणार होतं. एकदा ते पेटलं की चौदा महिने माघार नाही. यानात तिघं होते, आणि मंगळावर यान उतरवणं फक्त मकरंदला येत होतं.

आणि सकाळपासून सहा वेळा बांधायला घेतलेली फीत सहाही वेळा एक्केचाळीस टक्क्यांवर कोसळली होती.

"कुंदाताई, चित्रात दोष नाही," मुल्ला म्हणाले. "भांडण आवाजात आहे. दोन कोडेक, म्हणजे आवाज उलगडणारे दोन प्रोग्राम, एकाच आवाजावर हक्क सांगतायत."

"एका खुर्चीवर दोन व्याही."

"अगदी तसंच. कोण उठायचं ते ठरत नाही, आणि मांडव कोसळतो."

हे दारातूनच ऐकत डॉ. यशोधरा कर्णिक आत आल्या. यानातल्या तिघांच्या तब्येतीचा निवाडा त्यांच्या सहीवर व्हायचा. "दोन कोडेक कुठून आले? मला सोप्या भाषेत सांगा. समिती सारखी फोन करतेय."

"आपण मकरंदचा आवाज पाठवतच नाही, मॅडम," मुल्ला म्हणाले. "इतक्या लांबून चित्रातच सगळी जागा संपते, आवाजाला उरत नाही. निघायच्या आधी त्याच्या आवाजाचा साचा केला, ध्वनिसाचा. तोच पहिला कोडेक. त्याची एक प्रत यानात, एक इथे. यानातून फक्त खुणा येतात: कोणता शब्द, कोणता चढ, कुठे उतार. इथला साचा त्यावरून आवाज पुन्हा घडवतो. वाटेत एखादा तुकडा गळला तर मकरंदच्या बोलण्याच्या सवयीवरून तो भरूनही काढतो."

"म्हणजे तो बोलला नाही ते?"

"तो बहुधा बोलला असता ते."

"बरं. मग दुसरा कोडेक?"

"यानाने आज स्वतःहून नवा साचा पाठवलाय. संदेशाच्या मधोमध, एक्केचाळीस टक्क्यांवर."

"का?"

मुल्लांनी चष्मा पुसायला घेतला. "त्याचे काही नियम आहेत. तांत्रिक. आधी फीत तर बांधू. कुंदाताई, नवा साचा काढून टाका."

कुंदाताईंनी तो काढला. फीत सरसर पुढे गेली. पन्नास, ऐंशी, शंभर. पडद्यावर मकरंद प्रसन्न दिसत होता. "इकडे सगळं झकास. आमच्या ईराला सांगा, बाबा तिच्यासाठी तांबडी माती आणणार आहे." आवाज स्वच्छ, खणखणीत.

"झालं की!" कर्णिकांनी पर्स उचलली. "बोलण्यात जडपणा नाही, अडखळणं नाही. मेंदूवर दाब वाढला तर पहिल्यांदा बोलणंच बिघडतं, म्हणून तर मी ही फीत बघते. पाच महिने ठणठणीत आहे हा. पाठवा."

कुंदाताईंचा हात पाठवायच्या बटणावर गेला आणि तिथेच राहिला.

या केंद्रात येण्याआधी कुंदाताईंनी कराडला एकवीस वर्षं लग्नांच्या फिती जोडल्या होत्या. शिकवलं कुणीच नव्हतं. नवऱ्यामागे दुकान चालवायचं म्हणून बटणं दाबत दाबत शिकल्या. भटजी खोकला की काप, नवरदेव उखाण्यात अडकला की काप, आणि त्या जागी रांगोळीचं दृश्य टाक. माणूस आयुष्यभर बघतो ती फीत, त्यात त्याची फजिती कशाला ठेवायची?

"मॅडम, ओठ बघा," त्या म्हणाल्या. "'ईरा' म्हणताना ओठ बंद आहेत त्याचे."

"चित्र मागेपुढे होत असेल."

"मलाही तसंच वाटत होतं. म्हणून ओठ जुळत नाहीत तिथे मी दर वेळी खिडकीतल्या ताऱ्यांचं दृश्य टाकते."

"दर वेळी?" मुल्लांनी विचारलं.

"गेले चारेक महिने."

बाहेर पवनचक्कीचं पातं घरघरत होतं.

"थकला असेल," कर्णिक म्हणाल्या.

"पाणी कमी पीत असतील हे लोक वर," मुल्ला म्हणाले. "घसा सुकतो."

"डॉक्टर, नियम काय आहे?" कुंदाताईंनी विचारलं. "यान नवा साचा कधी करतं?"

मुल्लांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "माणसाचं खरं बोलणं जुन्या साच्यापासून फार दूर गेलं, की. इतकं दूर, की जुन्या साच्यात ते बसतच नाही."

"मग आता जुना काढते आणि नवा ठेवते."

"पावणेचार वाजून गेलेत, कुंदाताई."

"चार मिनिटांचं काम आहे."

फीत पुन्हा शंभरवर पोचली. यावेळीही मकरंद प्रसन्न दिसत होता. मग त्याने तोंड उघडलं.

"इकडे... स... सगळं..." जीभ टाळूला चिकटल्यासारखी. लांब श्वास. "झ... बरं आहे. आमच्या... तिला सांगा. ती... आपल्याकडची ती... धाकटी..." त्याने कपाळाला हात लावला. ओठ बंद झाले. पोरीचं नाव शोधत तो अकरा सेकंद कॅमेऱ्याकडे बघत राहिला, आणि मग, नाव सापडल्यासारखा, हसला.

कर्णिक खाली बसल्या. "सोबतच्या दोघांनी कसं काही कळवलं नाही?"

"रोज सोबत राहणाऱ्याला रोजचा फरक दिसत नाही," मुल्ला म्हणाले. "आणि दिसला, तरी चालकाबद्दल बोलायचं कुणी?" मग ते हळूच म्हणाले, "पण साच्याला अडखळणं गाळायला शिकवलं कुणी? तो आपोआप शिकत नाही. आपण इथून ज्यावर गोंगाट म्हणून खूण करतो, तेच तो गाळतो. यानातल्या प्रतीलाही दर आठवड्याला तेच शिकवतो."

कुंदाताईंना तो आठवडा आठवला. मोहिमेचा दुसरा महिना. मकरंद 'अं... अं...' करत होता. सांगलीला त्याची बायको, म्हातारी आई, ईरा, सगळी एकत्र बसून फीत बघतात. उगाच काळजी करतील बिचारी. त्यांनी प्रत्येक 'अं'वर गोंगाटाची खूण केली होती. तीन आठवड्यांत अडखळणं थांबलं, तेव्हा त्या मनात म्हणाल्या होत्या, चला, बरा झाला पोरगा.

चारच्या ठोक्याला फोन वाजला. कर्णिकांनी तो स्पीकरवर टाकला. समितीचे अध्यक्ष होते. "फीत नाही आली. नसू दे. मॅडम, तुम्ही तोंडी सांगा, चालक सक्षम आहे ना? सहाच्या आदेशावर सही करतोय मी."

कर्णिकांनी मुल्लांकडे पाहिलं. साचा मुल्लांनी घडवलेला होता. मुल्लांनी टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. त्यांत सक्षमतेचे पाच दाखले होते आणि पाचांवर सह्या कर्णिकांच्या होत्या.

"हॅलो? आवाज येतोय का?"

"येतोय," कर्णिक म्हणाल्या. "थोडी... तांत्रिक अडचण आहे."

"कसली?"

कर्णिकांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. पडद्यावर मकरंद अजून तसाच हसत थांबला होता. ती जागा भरायला आता साचा नव्हता, ताऱ्यांचं दृश्यही नव्हतं.

कुंदाताईंनी फोन आपल्याकडे ओढला.

"साहेब, मी कुंदा पोळ, फीत जोडणारी. अडचण तांत्रिक नाही. मकरंद आजारी आहे. त्याला स्वतःच्या पोरीचं नाव आठवत नाही, आणि पाच महिने तुम्ही ऐकत होता तो आवाज त्याचा नव्हता. त्याचं आजारपण मीच कापत होते. यान मागे फिरवा."