एर्लेनग्रुंटची शीव

म्हातारा लीनहार्ट नुसता गप्प राहिला असता, तर त्याच्या पदरात काय पडणार होते ते आधी पाहू. ओढ्यावरची पाणचक्की, तिच्यामागची सफरचंदाची बाग आणि हयातभर वेठीची माफी. खोटे बोलण्याचेही कष्ट नव्हते. गप्प राहणे हा तर त्याचा शपथेने बांधलेला धर्म होता. इतके स्वस्त पाप फार थोड्यांच्या वाट्याला येते.

जर्मनीतल्या फ्रँकोनियाच्या टेकड्यांवर उजाडत होते. युद्धात दोनदा जळून दोनदा उभे राहिलेले एर्लेनग्रुंट अरुंद खोऱ्यात अंग चोरून बसले होते; वर तटबंदीचे चर्च, खाली दलदल, आणि उतारावर गावाला जगवणारा एकुलता एक झरा. तो आपल्या धन्याच्या रानात मोडतो, असा दावा जहागीरदाराचा कारभारी एगोल्फ याने लावला होता. त्यासाठी हिवाळ्यात त्याने शिवेचा दगड गुपचूप झऱ्याच्या खाली आणून रोवला होता, आणि चक्कीचे आमिष लीनहार्टला त्यानेच दाखवले होते.

शिवेच्या प्रत्येक दगडाखाली गावचे सात शपथकरी गुप्त खुणा पुरत. ते उकरू लागले की सारा गाव पाठ फिरवून उभा राही. खूण सातांबाहेर कुणालाही दाखवणाऱ्याची शपथेला उचललेली दोन बोटे तोडली जात. सातांपैकी सहा जण साथीत गेले होते, नवे अजून नेमायचे होते. उरला होता लीनहार्ट.

निवाड्याला न्यायाधीश आले. एगोल्फ बंदूकवाल्यांसह घोड्यावरून आला आणि लीनहार्टपाशी वाकून म्हणाला, "बाबा, चक्कीच्या पायऱ्या चढायला गुडघे साथ देतील ना?"

"गुडघे वाकायला शिकलेत, सरकार. चढायचं तेवढं विसरलेत."

गावाने पाठ फिरवली. लीनहार्टने उकरले. दगडाखाली तीन पांढरे गोटे निघाले, ओढ्यातून कालपरवा उचलल्यासारखे स्वच्छ.

"या खुणा आमच्या नव्हेत," तो म्हणाला.

"दुसरा शपथकरी?" न्यायाधीशांनी विचारले.

"चर्चमागे, मातीत."

"एकट्याचा शब्द चालत नाही. दुसरा पुरावा नसेल, तर दगड आहे तिथेच शीव."

एगोल्फने हातमोजे चढवायला घेतले. तेवढ्यात गावचा मुखिया वेंडेल, ज्याच्या घरी लीनहार्टची लेक दिली होती, मान न वळवता पुटपुटला, "व्याही, आता तोंड उघडू नका. शिक्षा मलाच द्यावी लागेल."

"मग सुरीला धार लावून ठेवा, व्याही. बोथट सुरीचा मला राग येतो."

एवढे बोलून तो झऱ्याच्या वर चढून गेला, गवतात एके ठिकाणी कुदळ टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, तोंडं इकडे करा."

कुणीही वळले नाही. आज्या-पणज्यांपासून अंगात मुरलेली सवय. झरा जात होता तरी माना हलेनात. बंदूकवाल्यांनी बार उडवायच्या तयारीने वाती फुंकल्या. एगोल्फ गुरकावला, "ही न्यायसभेची अवज्ञा आहे."

मग लीनहार्टची लेक ओटिलिया वळली. "बाबा, मी बघते आहे," ती म्हणाली. तिच्यामागून एकेक करून सारा गाव वळला.

मातीतून काळपट कौलाचे तीन तुकडे निघाले. लीनहार्टने ते तळहातावर धरून कडेला कड लावली. एकाच कौलाचे होते, रेघेलाही जागा उरली नाही. न्यायाधीशांनी ते स्वतः जुळवून पाहिले आणि शीव झऱ्याच्या वर ठरवली.

दुपारी लिंडेनच्या झाडाखाली वेंडेलने शिक्षा दिली. माफ करता आली असती, असे पुढे पुष्कळांना वाटले. पण ज्या गावची शपथ आज माफ होते, तिथल्या खुणा उद्या कोण मानणार, असे तो म्हणाला.

आता कुणाचे काय गेले ते पाहू. जहागीरदाराचे नव्हतेच, ते गेले नाही. एगोल्फला यापेक्षा मोठ्या जहागिरीचा कारभार मिळाला. असली माणसे पडतात तीही वरच्या अंगाला. गावाला झरा मिळाला, आणि रिवाजही शाबूत राहिला. त्या वसंतात सात नवे शपथकरी बोटे उंचावून उभे राहिले. त्यांत लीनहार्टला घेतले नाही, कारण शपथ मोडणाऱ्याला ती जागा देत नसत, आणि शपथ मोडणारा त्या साऱ्या खोऱ्यात तो एकटाच होता.