बांधापलीकडचा खोकला

अझेनोरने मेणाचा गोळा धुतलेल्या फडक्यात बांधला, वर तिची नेहमीची गाठ मारली आणि म्हणाली, "भरती यायच्या आत परत ये. आणि रिवालचं नाव नीट सांग. मागल्या वर्षी तिथल्या पाद्र्याने 'रिवो' वाचलं. भलत्याच कुणाच्या आत्म्याला पोचलं असेल आपलं मेण."

"सांगतो."

"सांगतो म्हणतोस आणि मग पुटपुटतोस. तो बिचारा तरी काय करणार?"

एवढंच काम होतं. संत मिखाएलचा दिवस होता, दुपार होती, ऊन पडलं होतं. आमच्या घरापासून केर्झोच्या दलदलीच्या कडेने चालत गेलं की ओरे गावाच्या अलीकडे ते नवं चॅपेल लागायचं, तिथे मेलेल्यांच्या नावाने मेणबत्त्या लावायला लोक मेण द्यायचे. तासाभराची वाट. तुम्ही आत्ता आलात तीच. दिवा थोडा तुमच्याकडे सरकवा, मला अंधाराची सवय आहे.

रिवाल हा अझेनोरचा पहिला नवरा. माझा मित्रही. आम्ही दोघे जवस कुटायचो. जवस कुजवून, वाळवून, लाकडाने कुटून त्याचा धागा काढायचा. त्या धुरळ्याने रिवालला कायमचा खोकला लागला होता. दोन आखूड, एक लांब. बाजारात शंभर माणसं असली तरी तो कुठे उभा आहे ते मला कळायचं.

"तुझ्यापेक्षा गाय बरी," मी म्हणायचो. "तिच्या गळ्यातली घंटा तरी कानाला गोड लागते."

"घंटा काढून ठेवता येते, लेका. हा खोकला माझ्याबरोबरच जाईल," तो म्हणायचा.

आमचा म्हातारा ड्यूक मुलाशिवाय मेला होता. त्याच्या पुतणीचा नवरा म्हणाला, गादी माझी. सावत्र भाऊ म्हणाला, माझी. तेवीस वर्षं ते भांडले आणि मेलो आम्ही. शेवटची लढाई या दलदलीच्या काठावर झाली, अशाच मिखाएलच्या दिवशी. आम्हा दोघांना पुतणीच्या नवऱ्याच्या बाजूने उभं केलं होतं. हातात भाला दिला आणि छातीवर निशाण शिवलं, पांढऱ्या कापडावर काळे ठिपके. समोरून आले त्यांच्याही छातीवर तेच. गादीचंच निशाण ते, कोण सोडणार? आपला कोण आणि परका कोण, हे ओरडून विचारायचं. तो ज्या ड्यूकचं नाव घेईल त्यावरून त्याला सोडायचं की मारायचं ते ठरायचं.

दुपारपर्यंत आमचा ड्यूक पडला. मग पळापळ झाली. रिवालच्या मांडीत बाण होता. दलदलीत तो कमरेपर्यंत रुतला. मी त्याला ओढलं, पण तो हलेना.

"फळी आण कुठूनतरी," तो म्हणाला. "आणि ओरडू नकोस. कुणाचं नाव घेतलं तरी मरू."

"आलोच," मी म्हणालो.

काटेझुडपांचा एक बांध होता. मी त्याच्यावरून पलीकडे उडी टाकली, आणि तिथेच पडून राहिलो. घोडेस्वार येत-जात होते. भरतीचं पाणी चढत होतं. रिवाल हाका मारू शकत नव्हता, म्हणून तो खोकत होता. दोन आखूड, एक लांब. थोडा वेळ शांतता, पुन्हा दोन आखूड, एक लांब. मी इथे आहे, असं मला सांगत होता. बांध ते तो, मोजून तीस पावलं. मी तोंडात माती धरून पडलो होतो. संध्याकाळी खोकला थांबला.

चार वर्षांनी अझेनोरशी माझं लग्न ठरलं, तेव्हा पाद्रीबाबांनी विचारलं, "पहिला नवरा मेला, हे कुणी पाहिलं? ऐकीव चालणार नाही." त्यांनी संताच्या हाडाची पेटी पुढे केली. मी तिच्यावर हात ठेवून म्हणालो, "मी पाहिलं. तो शांतपणे गेला. त्याचे डोळे मीच मिटवले."

अझेनोर तिथेच रडली. मग माझा तोच हात तिने हातात घेतला. ती पुढे कितीदा तरी म्हणायची, "तू होतास म्हणून. नाहीतर कुणी मिटवले असते?"

आता आमच्याकडची एक रीत. तुम्हालाही ठाऊक असेल. काट्यांचा बांध ओलांडायचा तर आधी खोकायचं. मेलेली माणसं त्या काट्यांत बसून आपली पापं फेडत असतात. जिवंत माणूस येतोय हे त्यांना कळावं, बाजूला व्हायला त्यांना वेळ मिळावा, म्हणून खोकायचं, थोडं थांबायचं, आणि मग पाय टाकायचा. खोकायचं ते जिवंताने. मेलेला खोकत नाही. तो कशाला खोकेल? त्याने नुसतं बाजूला व्हायचं असतं.

तर लढाईला अठरा वर्षं झाली होती आणि मी मेण घेऊन चाललो होतो. वाट त्याच बांधावरून जाते. दुसरी वाट नाही. बांध दिसायला लागला तेव्हा समुद्राकडून धुकं आलं. आधी पाण्यावर आलं, मग वाटेवर, मग माझे पायही मला दिसेनात. पाखरं गप्प झाली. जवळपास कुठे जवस भिजत नव्हता, तरी कुजणाऱ्या जवसाचा वास यायला लागला.

बांधापाशी मी खोकलो. थांबलो.

पलीकडून खोकला आला. दोन आखूड, एक लांब.

मला आधी वाटलं, समोरून कुणी वाटसरू येतोय आणि रीतीप्रमाणे खोकतोय. मग तो खोकला ओळखला.

पलीकडचा माणूस हळू आवाजात स्वतःशीच म्हणाला, "झाला असेल बाजूला…" झुडपांत पाऊल वाजलं.

"रिवाल?" मी म्हणालो.

पाऊल थांबलं. 

"देरियेन…" तो म्हणाला. "तू अजून इथेच आहेस का रे?"

मी मेणाचं फडकं छातीशी धरलं.

"अठरा वर्षं झाली, गड्या. मला वाटलं, आतापर्यंत तुझं फिटलं असेल. दर वर्षी तुझ्या नावाने मेण देतो. आत्ताच देऊन आलो. अझेनोरने बांधून दिलं होतं."

"माझ्या… नावाने?"

"रागावलास का? रागव. मी फळी आणायला म्हणून गेलो आणि या बांधामागे पडून राहिलो. तू तिकडे खोकत होतास… माझ्यासारखं, म्हणजे मला कळावं म्हणून. सगळं ऐकू येत होतं. पाय उचलले नाहीत रे. तीस पावलं होती."

ही तीस पावलं मी कुणालाही सांगितली नव्हती. पाद्र्याला नाही, अझेनोरला नाही. झोपेतसुद्धा नाही.

"तुझी आई रोज दारात बसायची," तो म्हणाला. "म्हणून मी तिला सांगितलं, शांतपणे गेला, डोळे मीच मिटवले. तेवढ्यावर ती जेवायला लागली. आम्हाला मुलगी झाली, तिला तुझ्या आईचंच नाव ठेवलं, लेवेनेझ. बारा वर्षांची आहे. तुझ्यासारखीच पुटपुटते. कुठून शिकली कोण जाणे."

अझेनोरला आणि मला मूल नव्हतं.

"रिवाल," मी म्हणालो, "मी जिवंत आहे. मेलास तो तू."

तो हसला नाही. फार मायेने बोलला. "सगळे असंच म्हणतात, देरियेन. पाद्रीबाबा सांगतात, त्यांना उत्तर देऊ नये. पण तू म्हणून मला राहवलं नाही… आता बाजूला हो बरं. भरती येतेय. घरी अझेनोर वाट बघत असेल."

आणि मी बाजूला झालो.

का झालो, ते मला अजून सांगता येत नाही. तो बाजूला हो म्हणाला आणि मी झालो. झुडपं हलली. माझ्या अंगावरून ओला, कुजका वारा गेला. दिसलं काहीच नाही. पण एक पाय ओढत चालणारी पावलं माझ्या घराच्या दिशेने जाताना मी ऐकली.

मेण तिथेच टाकून मी धावलो. धुक्यात दोनदा पडलो. पावलं कायम पुढेच होती, घाई न करता चाललेली, आणि तरी मला ती गाठता येईनात. घराच्या दाराशी पोचलो तेव्हा दार लोटलेलं होतं. आतून अझेनोरचा आवाज येत होता.

"…नाव नीट सांगितलंस ना? बरं झालं. बस, गरम आहे तोवर खा."

मी दार ढकललं. ती चुलीपाशी एकटी होती. फळीवर ओटची पेज वाढलेला वाडगा होता, त्यात चमचा होता, आणि अर्धी पेज संपलेली होती.

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "आता परत बाहेर कधी गेलास?"

"मी आत्ताच येतोय," मी म्हणालो.

"आणि हे काय, कुत्र्याने खाल्लं?" मग तिने माझे चिखलाचे गुडघे पाहिले. नंतर वाडग्यापुढे बसायच्या जागची जमीन पाहिली. ती कोरडी होती, चिखलाचं एकही पाऊल नव्हतं. तिचा हात डोक्यावरच्या फडक्याशी गेला.

मला वाटलं, आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही. "अझेनोर, मी त्याचे डोळे मिटवले नाहीत. मी त्याला मरताना पाहिलंसुद्धा नाही. मी बांधामागे…"

"हे मघाशीच सांगितलंस," ती म्हणाली.

"कुणी?"

"तू. या इथे बसून. खाली मान घालून, पुटपुटत." तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "मी म्हटलं, फळी घेऊन गेला असतास तर दोघेही मेला असतात. मग म्हटलं, जेव. मग तू जेवलास."

 पेजेची वाफ विरून गेली. मग मी विचारलं, "आणि मला माफ केलंस?"

"त्याला केलं," ती म्हणाली. मग घाईने म्हणाली, "तुलाच की. तुलाच म्हणतेय मी."

त्यानंतर आम्ही अजून बावीस वर्षं संसार केला. चांगला केला. ती मला कधी टाकून बोलली नाही. पाद्र्याकडे जाऊन शपथ खोटी होती असंही तिने कधी सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळपासून, मी खोलीत एकटा असलो आणि तिला आत यायचं असलं की ती उंबऱ्याशी खोकायची. थांबायची. मग पाऊल टाकायची.

पहिल्यांदा मी म्हणालो, "अगं, कशाला खोकतेस?"

"धूर गेला घशात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कोयता आणि कुदळ घेतली आणि घरापुढच्या आपल्या बांधावरचं एकूण एक काटेझुडूप मुळापासून उपटलं. म्हटलं, काटेच नसले तर खोकायला कारण उरणार नाही. तरी ती खोकायचीच. पुढे पुढे मला त्याची सवय झाली. सवय कशाची होत नाही?

मागल्या हिवाळ्यात ती गेली. शेवटचे तीन दिवस ती शुद्धीवर नव्हती. मी उशाशी बसून होतो. एकदा तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघून फार गोड हसली, आणि म्हणाली, "लेवेनेझला दूध दिलंस का?"

मुलीचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. बांधावरचं सगळं सांगितलं होतं, तेवढं एक सोडून. मूल नाही याचं तिला आधीच फार दुःख होतं. तिला आणखी का दुखवायचं, म्हणून.

"दिलं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? थोड्या वेळाने ती गेली. तिचे डोळे मात्र मी मिटवले. या हातांनी मिटवले. हे खरं आहे.

तुम्ही काही खात नाही आहात. पेज आवडली नाही का? म्हाताऱ्याच्या हातची आहे, मीठ कमीजास्त झालं असेल.

एक विचारू? रागावू नका. मघाशी तुम्ही आलात, तेव्हा माझ्या दारापुढच्या बांधापाशी थांबलात. मी आत बसून ऐकत होतो. तुम्ही खोकलात, थोडं थांबलात, आणि मग बांध ओलांडलात.

पण त्या बांधावर आता काटे नाहीत. बावीस वर्षांपासून नुसती माती आहे. या घरात माझ्याशिवाय कुणी नाही.

थंडी बाधली असेल तुम्हाला… हो ना?