तिघांचा विसर

१९७४ साल. कडाक्याचा हिवाळा. चौकटवाले आजोबा दोन जिने चढून बाईंच्या कचेरीत आले आणि खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाले, "बाई, माझी आठवण कुणीतरी चोरतंय!"

बाई खासगी तपासाची कामं घेत. निवृत्त शिक्षक असलेले मास्तर त्यांची टिपणं ठेवत. वही माझी, डोकं बाईंचं, असं ते स्वतःच सांगत.

आजोबा लाकडी चौकटींवर सोन्याचा वर्ख चढवत. एका गिऱ्हाइकाच्या आईच्या तसबिरीची लंबगोल चौकट दुकानातून नाहीशी झाली होती.

"कुठं ठेवली, आठवत नाही. सोमवारी जावई मला वृद्धाश्रमात पोचवणार. हात चालतात हो माझे अजून!"

"मागच्या महिन्यात काय काय केलंत?"

"आठ दिवस वर्खच आला नव्हता. नुसतं रंधाकाम." आणि आजोबांनी त्या आठ दिवसांतलं एकेक गिऱ्हाईक मापासकट सांगितलं. मास्तरांची पेन्सिल मागे पडली. म्हातारा सोंग तर करत नाही ना, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

बाई आणि मास्तर आजोबांबरोबर दुकानात गेले. तिथं रस्त्याकडच्या सताड उघड्या दाराशी जावई बसत. त्यांना सगळ्या पावत्या तोंडपाठ.

"तुमचं बरं सगळं लक्षात राहतं!" बाई म्हणाल्या.

"कुणाच्या तरी राहायला नको? परवा बाबांनी उकळत्या सरसात चष्मा टाकला. उद्या हात घालतील. मला काय हौस आहे त्यांना घालवायची?"

"हाच तो," मास्तर बाईंच्या कानाशी पुटपुटले. "दुकान हवंय."

मागच्या खोलीत आजोबांची मुलगी वर्ख लावत होती. खिडकीच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. "वर्ख श्वासानंसुद्धा उडतो," ती म्हणाली. "वर्खाच्या दिवशी सगळं गच्च बंद." कोपऱ्यात एक उंच कपाट आणि त्याच्याशेजारी कोळशाच्या शेगडीवर चिकटवायच्या सरसाचं भांडं होतं. "विसरते तर मीही. चाळिशी उलटली, डोकं ठणकतं. चालायचंच."

तिच्या शेजारी तिची उंच, शिडशिडीत लेक उबेला पुस्तक घेऊन बसली होती. "आत्ता वाचलेलं पान आत्ता विसरते मी. जागरणं! निळा स्कार्फही कुठं गेला कोण जाणे."

"डोकं धडाला चिकटलेलं आहे, हे नशीब," आई म्हणाली.

बाई ताडकन उठल्या. "सगळे बाहेर! मास्तर, खिडकी उघडा!"

मास्तरांनी पट्ट्या फाडल्या. गार वारा आत आला, वर्खाची पानं खोलीभर उडाली.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "आजोबांनी म्हातारपणाला दोष दिला, लेकीनं चाळिशीला, नातीनं जागरणाला. तीन वयांची तीन कारणं, आणि तिन्ही पटण्यासारखी. म्हणून कुणाला शंका आली नाही. पण एकाच घरातले तिघं एकाच हिवाळ्यात विसरायला लागतात? वर्ख नव्हता त्या आठ दिवसांचं आजोबांना सगळं आठवतं, कारण तेव्हा खिडकी उघडी होती. जावई उघड्या दाराशी बसतात, म्हणून त्यांची आठवण शाबूत. कोळशाचा विषारी वायू आहे हा. त्याला ना वास, ना रंग. आजच्या आज तिघांनी डॉक्टर गाठा."

"आणि चौकट?" जावयांनी विचारलं.

"हात पोचतो तिथं सगळीकडे तुम्ही शोधलंच असेल, म्हणजे कपाटाच्या माथ्यावर असेल. तिथं स्टुलाशिवाय एकीचाच हात पोचतो."

मास्तर स्टुलावर चढले. निळ्या स्कार्फात गुंडाळलेली चौकट हाती लागली.

"मी ठेवली?" नात रडवेली झाली. "मला काहीच आठवत नाही."

जावई मान खाली घालून उभे राहिले. आजोबांनी त्यांचा खांदा थोपटला. "तुम्ही मला घालवायला निघालात, म्हणून मी बाईंचे जिने चढलो. नाहीतर तिघंही गेलो असतो. उपकारच झाले तुमचे!"

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि बाईंचंच म्हणणं खरं ठरलं. आजोबा पुढे नऊ वर्षं वर्ख लावत राहिले. लेकीनं दुकान वाढवलं. नात शिक्षिका झाली. वर्गात कुणी काही विसरलं, की ती आधी 'डोकं दुखतंय का?' असं विचारते. जावयांनी जुन्या पावत्यांवरून तिघांना तो हिवाळा पुन्हा सांगितला, जमला तेवढा.

मास्तर आता ऐंशीचे आहेत. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, हा आजार मात्र जायचा नाही. बाई रोज चार वाजता येतात.

"आपण कोण?" मास्तर विचारतात.

"मी होय? तुमच्याकडे चहाला आलेय."

"वा, बरं झालं आलात," मास्तर म्हणतात आणि खुर्ची पुढे करतात. "मी वाटच बघत होतो."